हळू चालणारी क्रेन

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो. म्हातारा म्हटलेलं मला चालतं, भंगार म्हटलेलं मात्र अजिबात चालत नाही. एकेकाळी मी चांगला पांढराशुभ्र होतो, आता पिवळा पडलोय. माझ्या उजव्या अंगाला मागे एक मोठा लाल खटका आहे. तो इतका घट्ट की धडधाकट माणसालाही जोर लावावा लागतो. हा खटका लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

माझे भाग कुठल्या कुठल्या देशांतून आले आणि नागपुरात एका माडीवरच्या दुकानात एकत्र जोडले गेले. तिथून मी भिलाईजवळच्या कुम्हारीला, कवेलूंच्या म्हणजे कौलांच्या एका कारखान्याच्या ऑफिसात गेलो. काय थाट होता तेव्हा! माझ्या खोलीत येताना लोक चपला बाहेर काढायचे. दसऱ्याला मला हळदकुंकू लागायचं, समोर नारळ फुटायचा. पण नव्याचे नऊ दिवस. दोन-तीन वर्षांत माझ्याहून चलाख असा ४८६ जातीचा कॉम्प्युटर आला. मी पडलो ३८६. मला कोपऱ्यात ठेवलं आणि माझ्यावर चहाचे कप ठेवू लागले.

तिथून मला उचललं ते बाबाराव निखाडे यांनी. त्यांची मुलगी चारुलता भिलाईतल्या सुपेल्यात कॉम्प्युटरचा क्लास करत होती, तिला घरी सराव हवा होता. टेम्पोतून भिलाईला येताना बाबारावांच्या पत्नी रत्नमालाबाईंनी माझा पडदा कुम्हारीपासून सेक्टर सातपर्यंत मांडीवर धरला होता. तेव्हाच मी ओळखलं की घर चांगलं आहे.

बाबाराव स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. शेडच्या छताला लागून केबिन, खाली आकड्याला लटकणाऱ्या लोखंडी प्लेटा आणि त्याही खाली माणसं. प्लांटची रीतच अशी की खालचा माणूस हाताने इशारा देतो, वरचा घंटी वाजवतो आणि मगच लोड हलतो. इशारा नाही, घंटी नाही, तर क्रेन नाही. आणि लोड लटकता ठेवून केबिनमधून उठायचं नाही, मग आभाळ कोसळलं तरी चालेल. बाबारावांच्या हातून आयुष्यात एक लोड पडला नव्हता. माणूस तसा बोलका नव्हे, पण ही एक गोष्ट ते पाहुण्यांना न विचारता सांगायचे.

मी आलो त्याच वर्षी हिवाळ्यात केबिनमध्ये असतानाच त्यांच्यावर अर्धांगवायूचा झटका आला. लोड हवेत, खाली माणसं आणि उजवं अंग एकाएकी मेलेलं. त्यांनी डाव्या हाताने तो लोड जमिनीवर टेकवला आणि मग स्वतः कोसळले.

पाय हळूहळू परतला, वाकडं झालेलं तोंड सरळ झालं. उजवा हात मात्र परतला नाही. उन्हाळ्यात डॉक्टरांचं बोर्ड बसणार होतं. हाताला पकड आली, तर टूल-रूममध्ये बसून करायचं हलकं काम मिळणार होतं. नाही आली, तर नोकरी संपली, नोकरीबरोबर क्वार्टरही गेलं आणि चारूचं शिकणंही. घरात कुणी हे मोठ्याने बोलत नव्हतं, पण जेवताना प्रत्येकाचा डोळा त्या हातावर असायचा. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. बाबारावांनी तो पलंगाखाली ढकलून दिला.

"जरासा दाबून तं पाहा," रत्नमालाबाई म्हणायच्या.

"काय पाहू? मेला आहे हात. मेलेल्याले कावून छळून राहिली?"

खरं तर ते हाताला घाबरत होते. ज्या हाताने भर कामात दगा दिला, त्याच्यावर पुन्हा भरवसा कसा ठेवायचा? मला त्यांची कीव यायची, पण मी पडलो लाकडी टेबलावरचा डबा, बोलणार काय?

एके दिवशी चारूने क्लासमधल्या कमला नावाच्या मैत्रिणीकडून खोक्यासकट फ्लॉप्या आणल्या. त्यांत बंदरावरच्या क्रेनचा खेळ होता. बाणाच्या बटणांनी आकडा हलवायचा आणि जहाजावरच्या रंगीत पेट्या उचलून ट्रकवर ठेवायच्या. क्रेन म्हटल्याबरोबर तिला बाबा आठवले होते. पण खेळाच्या खोक्यावर ठळक छापलं होतं: कमीत कमी ४८६. त्याखाली चालणार नाही.

"तुमच्याकडे थ्री एट्टी सिक्स आहे? मग विसरा," असं क्लासच्या सरांनीही सांगितलं होतं.

चारू ऐकते थोडीच. तिने खेळ माझ्यात उतरवला आणि सुरू केला. छातीत धस्स झालं माझ्या! पडदा काळा तो काळाच. पोट भरलेल्या माणसाला आग्रह करून वाढावं तसं मला झालं होतं. पण केलं सुरू, मित्रांनो. कण्हत कुंथत बंदर दिसलं, जहाज दिसलं, क्रेन दिसली. चारूने बाण दाबला, तर आकडा मुंगीच्या पावलाने सरकू लागला. क्लासमध्ये हाच आकडा सपकन जायचा.

चारूचं तोंड पडलं. "ये तो रेंग रहा है. बंद करते मी."

"थांब." पलंगावरून आवाज आला. बाबाराव उठून बसले होते. "नोको बंद करू. अशीच चालते क्रेन. लोड घेऊन कोनती क्रेन धावते, सांग बरं?"

ते काठी टेकत आले, खुर्चीवर बसले आणि डाव्या हाताने उजवा हात उचलून त्यांनी माझ्या बाणांवर ठेवला. चारूने श्वास रोखला. मीही, माझ्या परीने. पण बोट काही हललं नाही. बराच वेळ झाला. चारूचे डोळे भरून आले.

"दाबा ना, बाबा."

"कसा दाबू? थो खालचा मानूस इशाराच नाई देऊन राहिला."

खेळात धक्क्यावर पिवळ्या टोपीचा एक चिमुकला माणूस उभा होता. नुसतं चित्र, शोभेपुरतं. बाबाराव त्याच्या इशाऱ्याची वाट पाहत बसले होते! दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. चारूने आईला हाक मारली. रत्नमालाबाई कणकेचे हात घेऊनच आल्या.

"माह्यासमोर उभी राह्य," बाबाराव म्हणाले. "अंगठा वर केला का उचल. पंजा खाली केला का उतरव. मूठ आवळली का थांब. ध्यानात राहीन?"

"तुमचा संसार ध्यानात राहिला, हे कावून नाई राहनार?"

त्यांनी पिठाचा अंगठा वर केला. खेळात अधूनमधून वाजणारा घंटीसारखा बारीक आवाज माझ्यातून निघाला आणि त्या मेलेल्या हाताचं मधलं बोट थरथरत खाली आलं. बाण दाबला गेला. हललं ते बोट, पण रडल्या त्या दोघी मायलेकी.

त्यानंतर रोज दुपारी आमची पाळी लागायची. बाहेर ऊन रणरणत असायचं आणि आम्ही जहाज रिकामं करायचो. एका बोटाची दोन बोटं झाली. मला धाप लागायची, अंग तापायचं, पण खोक्यावर काय छापलंय ते मी मनावर घेणं सोडलं होतं. बोर्ड जवळ येत होतं आणि पकड अजून कच्ची होती.

अशात विजयकुमार आले. रत्नमालाबाईंचे धाकटे भाऊ, प्लांटात अधिकारी, सेक्टर दहाला राहणारे. जीवाला जीव देणारा माणूस, पण प्रत्येक गोष्टीची घाई. बाबाराव खेळून बरे होत आहेत हे कळल्यावर त्यांना राहवेना. सुपेल्यातल्या भय्याजी नावाच्या दुकानदाराला मला देऊन ते ४८६च्याही पुढचा नवाकोरा पेंटियम घेणार होते, वरचा भार स्वतः सोसून.

"भाऊजी, या डबड्यावर कावून मेहनत करून राहिले? याच्या दसपट चालते नवीन."

त्या वेळी एक लाल पेटी आकड्याला लटकत होती, जहाज आणि ट्रकच्या मधोमध. विजयकुमार वायरीकडे वाकले.

"विजय, थांब. लोड लटकून राहिला."

"अहो, खेळच आहे न भाऊजी! नवीनवर उतरवा."

आणि त्यांनी वायर ओढली. मला पुढचं दिसलं नाही. इतकंच कळलं की वायर ओढली जाताना बाबारावांची दोन्ही बोटं बाणावर तशीच होती.

डोळे उघडले ते भय्याजींच्या दुकानात, भंगार मोटारी आणि उघडी पोटं पडलेल्या माझ्या भाऊबंदांमध्ये. दुसऱ्याच दिवशी पेचकस चालला आणि माझी अर्धी मेमरी काढून कुणाच्या तरी नव्या यंत्रात बसवली गेली. उरलेल्याचा नंबर कधी लागतो, याची वाट पाहत मी पडून राहिलो. खोटं कशाला बोलू, भीती वाटत होती. पण माझ्या भीतीपेक्षा ती लाल पेटी मला जास्त छळत होती.

घरी काय घडलं ते मला नंतर रत्नमालाबाईंच्या बोलण्यातून कळलं. पेंटियमवर तोच खेळ लावला. बाबाराव बसले, रत्नमालाबाईंनी अंगठा वर केला, बोट खाली आलं आणि आकडा सुसाट सुटला. मूठ आवळून थांब म्हणायच्या आत पेटी खांबावर आदळली आणि सुटून पिवळ्या टोपीच्या माणसावर पडली. तो चिमुकला माणूस आडवा झाला आणि पडद्यावर शून्य गुण आले. बाबारावांनी हात काढून घेतला, मांडीवर ठेवला आणि वरून डाव्या हाताने झाकून टाकला.

"चित्र आहे बाबा थे," चारू म्हणाली.

"असन चित्र. माह्या हातून पडला ना?"

मग ते बसेचनात. समजावून झालं, रागावून झालं. बोटं पुन्हा आखडू लागली. बोर्ड तोंडावर आलं आणि बाबाराव भिंतीकडे तोंड करून निजू लागले. शेवटी चारूच्या डोक्यात प्रकाश पडला. मामांना बोलावून तिने सांगितलं, "मामा, बाबाले फास्ट मशीन नाई पायजे. त्याईच्या हातापेक्षा हळू चालनारं पायजे. जुनंच वापस आना."

विजयकुमारांचा चेहरा उतरला. चारूला मागे बसवून त्यांनी स्कूटरला किक मारली.

भय्याजी तर दोघांकडे पाहतच राहिले. "पेंटियम वापस करके ये ले जाओगे? इसकी तो आधी मेमरी निकल गई, बिटिया. अब ये गेम-वेम नहीं चलाएगा."

"चलाएगा," चारू म्हणाली.

माझी घरवापसी झाली, पण कशी? आधी मी नुसता मंद होतो, आता मंद आणि अर्धपोटीही. आगीतून निघून फुफाट्यात पडलो म्हणा. चारूने खेळ लावला, तर मी दोन शब्द लिहून थांबलो: मेमरी अपुरी. पुन्हा लावला. पुन्हा तेच. पलंगावर बाबारावांची पाठ होती. ती हलत नव्हती, पण निजलेल्या माणसाची पाठ अशी ताठ नसते.

क्लासमध्ये शिकलेली एक युक्ती चारूला आठवली. मी जागा होतो तेव्हा सवयीने बरंच काही डोक्यात भरून घेतो, आणि त्यातलं निम्मं कधी लागत नाही. तिने एक कोरी फ्लॉपी घेतली आणि फक्त अत्यावश्यक तेवढंच तिच्यावर घातलं. आता मी या फ्लॉपीवरूनच जागा होणार होतो, जणू प्रवासाला निघताना सगळं सामान घरी टाकून. तरी जमेना. तिने आणखी एक गोष्ट काढली, मग आणखी एक. माझं झाकण काढून टेबलफॅन थेट माझ्या पोटावर लावला होता. शेवटी तिने खेळाचा आवाज काढून टाकला.

पडदा काळा झाला. फॅनच्या घरघरीखेरीज खोलीत काही ऐकू येत नव्हतं. मी किती जोर लावला ते माझं मला ठाऊक. आणि मग वरच्या कोपऱ्यातून बंदर दिसू लागलं, एकेक रेघ करत.

"बाबा," चारू हळूच म्हणाली. "थो लाल डब्बा. मी आकड्याले लावून देला आहे. लटकून राहिला."

पाठ वळली. बाबाराव उठले, आले, बसले. पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. हात बाणांवर ठेवला, रत्नमालाबाईंनी पंजा खाली केला, तरी बोट हलेना.

"आता काय झालं जी?"

"घंटी कुठं आहे? घंटी नाई वाजली."

आवाज तर माझ्या पोटातून काढून टाकला होता! चारूने कपाळाला हात लावला. रत्नमालाबाई आत गेल्या आणि देवघरातली पितळी घंटी घेऊन आल्या. एका हाताने घंटी वाजवली, दुसऱ्या हाताने इशारा दिला. लाल पेटी खाली, खाली, अगदी खाली आली आणि ट्रकवर टेकली. बाबारावांनी सोडलेला श्वास मला पंख्याच्या वाऱ्यातूनही जाणवला.

"हा राहिला होता," ते म्हणाले.

मग दिवसरात्र एक झाले नाहीत, पण दुपार मात्र आम्ही एकही सोडली नाही. शेजारणीला वाटायचं निखाड्यांकडे भर उन्हात आरती कसली चालते. मी पहिल्यापेक्षाही सावकाश झालो होतो. पेटी उतरायला इतका वेळ लागायचा की बाबारावांच्या बोटांना विचार करायला सवड मिळायची. बोटं दाबायला शिकली. पण एक अडचण नवीनच निघाली. दाबलेलं बोट उचलता उचलायचं नाही. मूठ मिटायची आणि मिटलेलीच राहायची. बोर्डाचे डॉक्टर तर वस्तू उचलायला लावणार आणि ठेवायलाही.

बोर्डाचा दिवस उजाडला. विजयकुमार प्लांटातली जीप घेऊन दारात हजर. बाबाराव धुतलेल्या शर्टात माझ्यासमोर बसले होते. हात मोकळा व्हावा म्हणून एकच पेटी उचलू, असं ठरलं होतं. पेटी वर गेली आणि त्याच वेळी उकडतंय म्हणून कुणीतरी कूलर लावला. वीज दबली. माझा पडदा आक्रसला, पंखा मंदावला. माझी अर्धी मेमरी म्हणजे आधीच काठावरची, वाटलं, संपलं आता. पेटी हवेत गोठली.

"भाऊजी, टाइम होऊन राहिला," विजयकुमार दारातून म्हणाले. मग त्यांचं लक्ष पडद्याकडे गेलं. ते आत आले, आधी कूलर बंद केला आणि माझ्या वायरीपासून चार हात दूर उभे राहिले. "उतरवा तुमी. मी थांबतो."

विजेने उचल खाल्ली. मी कसाबसा सावरलो. घंटी वाजली, पंजा खाली झाला, बोटाने बाण दाबला आणि पेटी उतरू लागली. ट्रक जवळ आला. रत्नमालाबाईंनी मूठ आवळली: थांब. बोट उठेना. बाण दाबलेलाच. पेटी उतरतच होती आणि पिवळ्या टोपीचा माणूस बरोबर तिच्याखाली.

बाबारावांच्या कपाळावर घाम आला. डावा हात मदतीला उचलला गेला, अर्ध्यावर आला आणि त्यांनी तो परत मांडीवर ठेवला. मित्रांनो, मी तेव्हा जेवढा हळू चाललो तेवढा जन्मात चाललो नसेन. मुद्दाम नव्हे, माझी ताकदच तेवढी होती. एकेका रेघेने पेटी खाली यायची आणि दोन रेघांच्या मध्ये त्या बोटाला थोडा थोडा वेळ मिळायचा. टोपीला पेटी टेकणार एवढ्यात बोट वर आलं. एकटं, आपल्या आपण.

पेटी थांबली. बाबारावांनी आकडा बाजूला घेतला, पेटी ट्रकवर ठेवली आणि मगच काठी हातात घेतली. रत्नमालाबाईंनी मला बंद केलं आणि सगळे गेले.

बंद असलो तरी खटक्यावरचं बोट मला कळतं. रत्नमालाबाई दोन्ही अंगठे लावतात, चारू तळवा मारते. त्या संध्याकाळी खटक्यावर एकच अंगठा आला. त्याने जोर लावला, घसरला. पुन्हा आला, थरथरला, थांबला. तिसऱ्यांदा आला तो टेकूनच राहिला, आणि खट्ट! मी जागा झालो. समोर बाबाराव होते. उजवा अंगठा त्यांनी डोळ्यांसमोर धरला होता आणि तो अनोळखी असल्यासारखे त्याच्याकडे पाहत होते.

"नट-बोल्ट उचलाले लावले," ते मला म्हणाले. हो, मलाच. घरच्यांना बहुधा आधीच सांगून झालं होतं. "उचलले. मंग म्हने, सोडा. सोडले. टूल-रूम भेटली."

बाबाराव रिटायर होईपर्यंत टूल-रूममध्ये होते. मी आता चारूच्या दुर्गच्या घरी आहे. माझ्यावर कुणी चहाचा कप ठेवला की ती ओरडते. वर्षातून एकदा, दसऱ्याला, ती फ्लॉपी घालून मला जागं करते, मला कुंकू लावते आणि आईची पितळी घंटी वाजवते. इशारा द्यायला आता रत्नमालाबाई नाहीत. बाबाराव स्वतःच अंगठा वर करतात आणि स्वतःच बाण दाबतात.

मित्रांनो, प्रत्येक खोक्यावर कमीत कमी काय हवं ते छापलेलं असतं. तेवढं ज्याच्याकडे नसतं त्याला लोक सहज बाजूला काढतात. तुमच्या घरातही असं कुणी असेल, यंत्र असेल नाहीतर माणूस. त्याला धूळ बसू देऊ नका, त्याच्या अंगावर ओझी ठेवू नका. तो हळू आहे म्हणून चिडू नका. आणि त्याचा लोड लटकत असेल, तर तो खाली टेकेपर्यंत वायरीला हात लावू नका.